आमच्या घरातला गॅस

आमच्या घरी कोणी आजारी पडत नसे, फक्त गॅस होत असे. पाठ धरली, गॅस. डोकं गरगरलं, गॅस. वडील चाळिशी ओलांडताच गेले, तेही 'गॅस छातीत चढला' म्हणून, आणि मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या झाडून साऱ्या नातेवाइकांनी माना डोलावून ते मान्य केलं. मला या शब्दाची चीड होती. तरी वडिलांबद्दल कोणी विचारलं की मीही तोच सांगत असे.

धाकटा भाऊ तेव्हा तिशीलाही टेकला नव्हता. सरकारी नोकरी, अंगाने दणकट, तोंडाने त्याहून दणकट. थंडीतल्या एका सकाळी तो नोकरीच्या गावाहून, किरनापूरहून मोटरसायकलने आला आणि घरात न येता पायरीवरच बसला. बाहेर दात वाजत होते आणि याचा शर्ट घामाने चिंब.

"काही नाही ताई, गॅस आहे," डावा खांदा चोळत तो म्हणाला. "रात्री मित्राकडे मटन जास्त झालं."

आईने ओवा आणि काळं मीठ आणलं. त्याने ते चावलं आणि ढेकर दिला.

"पाह्य, निघाला न!" आई खूश.

पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग काही परतला नाही. "गॅसनं शर्ट भिजते का कधी?" असं म्हणत मी त्याला दंडाला धरून रिक्षात कोंबलं. आईही चढली. हा गॅसच आहे हे डॉक्टरांना नीट समजावून सांगायला कोणीतरी नको का!

डॉक्टर हिंदी बोलणारे होते. मशीनचा कागद बघता बघता ते भावाला विचारू लागले.

"तंबाकू?"

"नहीं सर."

"खर्रा?"

"वो तो सब खाते हैं."

"दिन में कितने?"

भाऊ छताकडे पाहू लागला. आमच्याकडे कोणी खर्ऱ्याची पुडी पुढे केली आणि चिमूटभर घेतला नाही, तर माणूस शिष्ट ठरतो. सुपारीत तंबाखू आणि चुना घोटूनच तो होतो, पण त्याला तंबाखू म्हणायचं नाही. झोप किती, चालणं किती, यावर 'बाइक है न सर' एवढंच उत्तर निघालं.

"घर में किसी को हार्ट की तकलीफ?"

आम्ही तिघांनीही नकारार्थी माना हलवल्या. आईने तर वर ठसक्यात सांगितलं, "नाही जी. आमच्याकडं सगळ्याईले गॅसच होते. याच्या बाबाले होता, मोठ्या काकाले होता. दोघंबी गॅसनंच गेले."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कितनी उमर में?"

आईने सांगितलं. तेच वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते, पण परक्या माणसासमोर ते काय आहे हे पहिल्यांदा कानांना कळलं.

डॉक्टरांनी गोळ्या चावायला दिल्या. "अभी नागपुर ले जाइए. रुकिए मत."

भाऊ ताडकन उठून बसला. "आज? परवा पोरगी पाहाले जायचं आहे! हार्टचं नाव निघालं तं कोण देईन पोरगी?"

आणि आई! आईसुद्धा अडखळली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आपण गॅसच म्हणू न. परवाचं होऊन जाऊ दे, मंग नेऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मांडवात उभा राहाले नवरदेव तं पाहिजे न, आई!"

"असं अभद्र बोलू नको," ती म्हणाली. मग पदर खोचून ती माझ्याकडे न बघताच बोलली, "जीप पाह्य."

वाटेत भावाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. एरवी ज्याची टकळी थांबत नाही, तो गप्प. त्याचे डोळे मिटले की ती गाल थोपटायची, "ए, बोल न रे." तो 'हौ' म्हणायचा. पुढे पुढे तो 'हौ'सुद्धा येईना, नुसती मान हलायची. मी ड्रायव्हरला हाकता येईल तेवढी हाक म्हणत होते आणि प्रत्येक खड्ड्याला त्यालाच शिव्या घालत होते.

नागपुरात त्याला आत नेलं आणि दार बंद झालं. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. दिवस कलता कलता तिथले डॉक्टर बाहेर आले.

"वेळेवर आणलंत. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. आता धोका टळला."

मला रडूच कोसळलं. मी हात जोडले. आई मात्र तशीच उभी, डॉक्टर गेले त्या दाराकडे बघत.

"टायमावर आणलं तं माणूस वाचते?" तिने मला विचारलं.

"हौ, आई. वाचला न आपला."

"मंग तुह्या बाबाले..." ती मटकन खाली बसली. "मी तं दिवसभर त्याईचं पोट शेकत बसली होती."