गुलाल लागलेली फियाट

सयाजी मला बघायला आले, तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. वाचन काय, आवड काय, पुढं नोकरी करणार का, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं मनात तयार ठेवून बसले होते. हे पोह्यांची बशी हातात धरून छताकडं बघत होते. शेवटी माझ्या वडिलांना म्हणाले, "फॅनचं बेअरिंग गेलंय वाटतं." पुढच्या रविवारी येऊन त्यांनी तो फॅन उतरवला, दुरुस्त केला, परत लावला, आणि मग लग्न ठरलं. आई म्हणाली, मुलगा गुणी आहे. माझ्या मनात आलं, ह्या घरात माझी पाळी फॅनच्या नंतर येणार.

तसंच झालं. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत ते पॅटर्न शॉपला होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, ते त्यांचं काम. निवृत्त होईपर्यंत लाकूड तासलं. बोलणं कमी, आवाज मोठा, आणि कुणाच्याही घरी गेले तरी नळ, कडी, बिजागरी बघितल्याशिवाय पाणी पिणार नाहीत. माणूस वाईट नाही. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात मी त्यांच्यावर जळते आहे.

आमची एकुलती एक मुलगी तेजस्वी गणपती झाल्यावर पुण्याहून आली ती दोन मोठ्या बॅगा घेऊन. बरोबर जावई नव्हते. "थोडे दिवस राहणार आहे," एवढंच म्हणाली. तिचं काम कॉम्प्युटरवरचं, ते कुठूनही चालतं, म्हणून कुणाला काही सांगायचीही गरज पडली नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. जावई, उदयसिंह, मला फोन करायचे. तिला नाही, मलाच. "आई, तिचा राग गेला का?" आवाज इतका गोड की मलाच वाटायचं, चूक आमच्या पोरीचीच असावी. मग रात्रभर दुसरंच वाटायचं. पाठवावी का? पाठवली तर कशाकडं पाठवतोय? मी तिला जेवताना विचारायची, समोर बसून, ताटात भाकरी वाढत. "काय झालंय ते एकदा सांग ना गं." ती ताट उचलून मोरीत ठेवायची.

ह्यांनी काहीच विचारलं नाही. दिवाळीनंतर एका सकाळी ते राजारामपुरीतल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडकडं गेले आणि ताडपत्री ओढून काढली. खाली माझ्या सासऱ्यांची, अप्पांची, फियाट होती. सासरे गुळाचे अडते. शाहूपुरीत सौद्याला ते ह्याच गाडीतून जायचे, त्यामुळं आतल्या सीटना कायम गुळाचा वास. तेजस्वी जन्मली तेव्हा दवाखान्यातून तिला ह्याच गाडीतून घरी आणलं. सासरे गेल्यावर गाडी जी उभी राहिली ती उभीच. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, मागच्या सीटमध्ये मांजरानं पिल्लं घातली होती.

"तेजू," ह्यांनी हाक मारली, "जरा टॉर्च धर."

ती गेली. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत घरात आलीच नाही.

त्यानंतर माझं घर माझं राहिलं नाही. प्रत्येक काढलेला स्क्रू त्याच्या जागेच्या नावानं वेगळा ठेवायचा, ही ह्यांची रीत. त्यासाठी माझे मसाल्याचे डबे गेले. जिऱ्याच्या डब्यात डाव्या दाराचे स्क्रू, धण्याच्या डब्यात उजव्या दाराचे. एकदा पोहे करायला कढई शोधली, तर तिच्यात कार्बोरेटर भिजत घातलेला.

"अगं आई, घासून देते," तेजस्वी म्हणाली आणि बापाकडं बघून हसली. किती महिन्यांनी हसली होती! आणि हसली ती त्यांच्याकडं बघून.

त्यांची भांडणंही मी खिडकीतून ऐकायची. ह्यांना गाडी होती तशी हवी. तिला रूप जुनं आणि आत सगळं नवं हवं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, नवे दिवे, मागं बघायचा कॅमेरा, एसी.

"आमच्या अप्पांनी ड्रम ब्रेकवरच चालवली की आयुष्यभर."

"अप्पांच्या वेळी रस्त्यात आडवं कोण यायचं पप्पा? म्हैस. आता बुलेटवाले येतात."

"म्हैस परवडली की गं."

मग दोघं हसायचे. मी पोळ्या लाटत उभी. आमच्याकडं भाकऱ्या करायला येणाऱ्या तानाबाईनं एकदा शेडकडं बघून म्हटलं, "वैनी, पोरगी म्हायेराला आली आन् मिस्त्री झाली की वो!" मी हसले, पण मला ते लागलं. ही पोरगी माझी होती. डांग्या खोकल्यात तिला रात्र रात्र खांद्यावर घेऊन मी फिरले. तेव्हा हे रात्रपाळीला. दहावीला तिच्याबरोबर पहाटे उठले मी. लग्नातल्या साड्या मी निवडल्या. आणि आता तिच्या पोटातलं ज्या माणसाला सांगायचं तो माणूस गाडीखाली पाय बाहेर काढून पडलेला!

एकदा मी जुनी साडी नेसून, पदर खोचून शेडमध्ये गेले. म्हटलं, मलाही काम सांगा. ह्यांनी खालून हात बाहेर काढला, "अकराचा पाना." मी दिला. "ह्यो दहाचा हाय." मी दुसरा दिला. "राहू दे," तेजस्वी म्हणाली, "मी देते." आवाज साधाच होता. तिनं मला अगदी हळुवार बाजूला केलं, पाहुण्या बाईला करतात तसं. मी कपबशा गोळा केल्या आणि आत आले. त्या दिवशी मी एक गोष्ट मात्र ठणकावून मागितली: चारही सीटना पट्टे. खांद्यावरून येणारे, नुसते कमरेचे नाहीत. ते त्यांनी मुकाट्यानं ऐकलं.

रात्री ह्यांना विचारायची, "दिवसभर काय बोलता दोघं?"

"गाडीचं."

"गाडीचं काय?"

"आज बुश बसवलं. उद्यमनगरातनं लेथवर टर्न करून आणलंय. झ्याक बसलं."

"तिनं काही सांगितलं का?"

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? सासरचं!"

"न्हाय. मी इचारलंच न्हाय."

मला ते खरं वाटलं नाही. बाप-लेकीचा काहीतरी करार झालाय आणि मला बाहेर ठेवलंय, असं मी धरून चालले होते. उदयसिंहांचा फोन आला की मी आणखी गोंधळायची. हो म्हणू की नाही, हे ज्याला माहीत आहे तो माणूस रबराच्या पट्टीला ग्रीस लावत बसलेला.

रंग गौसभाईंनी मारला. गौसभाई ह्यांचे फाउंड्रीच्या दिवसांपासूनचे मित्र. त्यांचं पत्रा ठोकायचं आणि रंगाचं काम. शेडला चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावून त्यांनी गाडीला दुधावरच्या सायीसारखा रंग दिला. खरंच सांगते, बघत राहावी अशी झाली. जाताना त्यांनी सगळ्यांना उभं करून बजावलं, "महिनाभर हिला पावण्यासारखं जपायचं. पॉलिश न्हाय, साबण न्हाय. हळद-कुंकू न्हाय, आन् गुलाल तर आजिबात न्हाय."

"मग पूजा कशी करायची, गौसभाई?" मी म्हटलं.

"लांबनं करा की वैनी. देवाला चष्मा थोडाच लागलाय?"

पण तेजस्वीला गाडी बाहेर काढायची घाई. मी अडून बसले. जोतिबाला नेल्याशिवाय ही गाडी रस्त्यावर येणार नाही. आमच्याकडं नवी गाडी आधी डोंगरावर जाते, मग बाकी जगात. आणि माझं मन तेवढ्यावर थांबत नव्हतं. ह्या पोरीच्या मागं जे काही लागलंय त्याला कुठंतरी नारळ फुटायला हवा होता.

"ठीक आहे," तेजस्वी म्हणाली. "फक्त नारळ. चाकाखाली लिंबं. गुलाल नाही. पप्पा, कळलं?"

"मला काय सांगतीस? रंगाला मी हात लावू देतोय व्हय कुणाला?"

हे खरं होतं. गेले पंधरा दिवस शेजारचं पोर नुसतं जवळ आलं तरी ह्यांचा आवाज कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टॉपपर्यंत जायचा.

आज रविवार. पहाटे निघालो. ती चालवत होती, हे तिच्या शेजारी, मी मागं. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, त्यामुळं ती एक हात वर-खाली करत होती आणि हे नुसते ऐकत होते. डोळे मिटून. "आता टाक," म्हणायचे, आणि ती टाकायची. मी मागून दोघांचे खांदे बघत बसले. त्या गाडीत माझं काम एवढंच होतं की मांडीवरचं नारळाचं ताट सांडू द्यायचं नाही.

डोंगरावर धुकं होतं. गाडीच्या टपावर दवाचे बारीक थेंब आलेले. दर्शन घेतलं, गाडीपाशी आलो, मी जरा लांबूनच ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात मंदिराच्या वाटेवरून देवाची उंच सासनकाठी घेऊन एक गावकरी मंडळ आलं. हलगी, ताशा, आणि एका दमात पन्नास गळ्यांतून "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

मी ह्यांच्याकडं बघितलं. चेहरा बदलला होता. लहानपणी अप्पांच्या खांद्यावर बसून इथं यायचे, तो चेहरा. त्यांनी माझ्या ताटातला गुलाल, जो मी देवाला वाहून उरलेला ठेवला होता, तो दोन्ही मुठींत घेतला, "चांगभलं!" म्हणून ओरडले आणि सगळा बॉनेटवर उधळला.

ओला टप, ओलं बॉनेट, कोवळा रंग. गुलाल बसला तो बसलाच.

"पप्पा!"

हे तसेच उभे, हात गुलाबी. "आगं... निघंल."

"निघणार नाही! गौसकाका काय म्हणाले होते?" तिनं ओढणीनं पुसायला घेतलं, आणि पुसलं तसा डाग पसरला. "तीन महिने मी घासलंय ते! तुम्हीच मला एक बोट लावू देत नव्हता, आणि तुम्हीच..."

"देवाचा हाय गं."

"मला देवाचं नका सांगू!"

बाप-लेकीचं पहिलं खरं भांडण. आणि मी ते बघत उभी होते, हातात रिकामं ताट, आणि माझ्या मनाला, काय सांगू, गार वाटलं. बरं झालं, असं वाटलं. त्यांच्यात एक फट तर पडली.

"तुम्ही मागं बसा," ती ह्यांना म्हणाली. "आई, तू पुढं ये."

उतरताना हे मागच्या सीटवर अंग चोरून बसले, खांद्यावरून माझा पट्टा लावून, मिशीला गुलाल. थोड्या वळणांनंतर मान कलली, घोरणं सुरू झालं. मी पुढं. मला तिला विचारायचं होतं. तोंडात आलं होतं. पण ती समोर रस्त्याकडं बघत होती, मीही समोर बघत होते, आणि काचेतून पुढं बॉनेटवर तो गुलाबी डाग पसरलेला. मी म्हटलं, "ह्याचा दुसरा गिअर कुठं असतो गं?"

"खाली. असा." तिनं टाकून दाखवला.

डोंगराच्या पायथ्याला, केर्ली गावाच्या अलीकडं ती म्हणाली, "पप्पा आवाजावरून सांगतात ना, काय बिघडलंय ते."

"हं."

"पुण्यात मला तसं यायला लागलं होतं. खाली उदयसिंहच्या गाडीचं दार कसं लागलं, त्यावरून मला कळायचं, आज काय होणार. हळू लागलं तर जास्त भीती." तिनं आरशात बघितलं, मग परत रस्त्याकडं. "मी आता परत जाणार नाही, आई."

मला तिच्याकडं वळून बघायचं होतं. सगळं विचारायचं होतं, केव्हापासून, किती वेळा, मला का नाही सांगितलंस. मी वळले नाही. पदराचं टोक मुठीत धरून बसले. समोर उतार होता.

"दुसऱ्यातच राहू दे," मी म्हटलं. "उतार आहे."

"हो," ती म्हणाली.

संध्याकाळी उदयसिंहांचा फोन आला. "आई, आता पाठवा तिला." मी म्हटलं, "ती येणार नाही. आणि आता फोन तिच्या वडिलांना करा, ते ऐकतात नीट." पलीकडं शांतता होती, तीही हळू दार लावल्यासारखी. पहिल्यांदा मला त्यातलं कळलं.

झोपायला जाताना हे बाथरूममध्ये घासून घासून हात धूत होते. गुलाल नखांत अडकलेला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "उतरताना काय म्हणत हुती गं ती? माझा डोळा लागला हुता."

"गाडीचं," मी म्हटलं.

त्यांनी नळ बंद केला. "बरं," म्हणाले आणि झोपायला गेले.

सांगणार आहे. उद्या सकाळी चहा देताना सांगेन, सगळं सांगेन. मग ते काही न बोलता उठतील आणि तिच्या खोलीच्या दाराला तेल घालतील, मला माहीत आहे. इतकी वर्षं काढली आहेत ह्या माणसाबरोबर. पण अजून सकाळ व्हायची आहे. आतल्या खोलीत ते घोरत आहेत, शेजारच्या खोलीत ती झोपली आहे, आणि घरात ही एक गोष्ट आज फक्त मला माहीत आहे.