मस्कत, तीन तास

"मस्कत? तीन तासांची वाट ती!" असं म्हणून भाऊ उजवा हात हवेत फेकायचे, जसं काही मस्कत पेडण्याच्या बाजारापलीकडेच आहे.

भाऊ आमचे शेजारी. जन्मभर त्यांनी मुंबईची रात्रीची बस चालवली. किलोमीटरचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, अंतर मोजायचं ते तासांत. "मुंबयक अख्खी रात जाता. मस्कत तिपटीन पयस, पण झिल माझो तीन तासांत दारात!" एकुलता एक मुलगा तिथे फिटर होता. आभाळात विमान दिसलं की भाऊ अंगणात येऊन मान वर करून उभे. मी चेष्टा करायचे, "हात दाखवा भाऊ, थांबेल!"

"थांबतला गो, स्टॉप आसा हो," असं म्हणून तेही हसायचे.

तुमच्याही वाड्यावर असा एखादा बाप असेलच. मूल किती लांब गेलंय, हे तो मेला तरी कबूल करत नाही.

मग भाऊंची बायको, आमच्या वहिनी, आजारी पडल्या. म्हापशाच्या डॉक्टरांनी औषधं दिली, पण भरवसा दिला नाही. एके दिवशी मी पेज घेऊन गेले, तर माझा हात धरून म्हणाल्या, "तू तरी सांग गो त्यांका. झिलाक बोलवा म्हण. माका बघूक जाय त्याका."

मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "आता येयलो तर चवथीक रजा खंयची? गणपती कोण हाडतलो घरात? तीन तासांची तर वाट. गरज पडली की येतलो."

चवथीला मुलगा घरी हवा, ही आमच्याकडे सगळ्यांचीच हौस. वहिनींनी पुन्हा विषय काढला नाही. फक्त कुशीवर वळल्या.

चवथीला महिना होता. एका शुक्रवारी सकाळी वहिनी गेल्या.

भाऊंनी फोन लावला. पलीकडे मुलगा रडत होता. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, चावी साहेबाकडे, आणि तिकडे शुक्रवारची सुटी. साहेब फोन उचलेना. भाऊंच्या डोक्यात काही ते शिरेना. "अरे, पण विमान तीन तासांचा ना रे!" ते ओरडतच राहिले.

मढं घरात असेपर्यंत आमच्या वाड्यावर चूल पेटत नाही. दुपार झाली, पोरं भुकेनं रडायला लागली. म्हातारे हळूच म्हणाले, "उचलूया आता." भाऊ दारात आडवे. "तीन तास थांबा." थोड्या वेळानं पुन्हा तेच. ऊन उतरायला लागलं तरी तेच.

माझा संताप अनावर झाला. "काय तीन तास तीन तास लावलंय? तो आज येणार नाही, भाऊ! तिला हवा होता तेव्हा बोलवायचा होता!" बोलले आणि मलाच रडू फुटलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाले. अग्नी त्यांनीच दिला.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून झाल्या, तेव्हा मुलगा दाबोळीच्या विमानतळावरून थेट स्मशानातच आला. पाठीवर बॅग, दाढी वाढलेली. "बाबा, पासपोर्ट..." एवढंच बोलला.

भाऊंनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. अस्थींचं मडकं त्याच्या हातात दिलं.

"धर. आवय तुझी."

पोरानं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. बॅग खांद्यावरून घसरून कोपरात लोंबत होती, ती सावरायलाही त्याला हात मोकळा नव्हता.