तोंडातला दोरा

इंदूरच्या शाळेत मी तेवीस वर्षं सायन्स शिकवलंय. दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची टिंगल करण्यात माझा हात कुणी धरला नसता. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तर तक्रार नाही... मीही हसलो असतो. फक्त जेवायला बसण्याआधी वाचू नका, एवढंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एकेक मिल बंद पडत होती, पलासियात काचेच्या शोरूम उघडत होत्या, आणि आमच्या मराठी मंडळाला शहराच्या इतिहासाची स्मरणिका काढायची हुक्की आली. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, नामवंत माणसं, मोठ्या घटना — सगळं एका पुस्तकात. संपादक मी. कव्हरवर नाव येणार म्हणून हरखलो होतो, खोटं कशाला बोलू?

त्यात एक पान आगीचं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मिलच्या कापसाच्या गोदामाला आग लागली होती. गणपत सावळे नावाचा विणकर आत शिरला आणि त्याने चार जणांना ओढून बाहेर काढलं. पुढे मिल बंद पडली त्याच वर्षी तो खोकून खोकून गेला. त्याची बायको, सावळेकाकू, सुदामा नगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. माहिती घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी नवऱ्याचा लाकडी धोटा, मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा, काढून दाखवला. आतली दोऱ्याची कांडी संपली की धोट्यात नवी घालायची आणि दोऱ्याचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. तिन्ही पाळ्यांतले विणकर त्याच धोट्याला तोंड लावणार. एकाची थुंकी, दुसऱ्याची तंबाखू, वर मशीनचं तेल... मी पुढे केलेला हात मागे घेतला. काकूंनी मात्र तो पदराने पुसून जपून कपाटात ठेवला. म्हणाल्या, गल्लीत सगळे मिलवाल्यांना कामचोर म्हणतात. ह्यांचं नाव एकदा चार लोकांत वाचलं गेलं की मी सुखाने डोळे मिटेन. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. मी शब्द दिला.

छपाईच्या आधी मंडळाच्या अध्यक्षांनी बोलावलं. समोर एक साहेब बसले होते — त्याच मिलचे पूर्वीचे लेबर ऑफिसर, आता जमिनींचे प्लॉट पाडून कॉलन्या कापणारे. स्मरणिकेचा खर्च त्यांचाच. आगीच्या दिवशी हे गृहस्थ फाटकाबाहेर नाकाला रुमाल लावून उभे होते, हे मिलच्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. मलाही.

"मास्तरजी, आत साहेब गेले होते असं लिहून द्या," अध्यक्ष म्हणाले. "सावळे तर गेले बिचारे. त्यांना क्या फरक पडतो, भिया?"

मी सावळे खोडलं आणि साहेब लिहिलं. कव्हरवरच्या नावासाठी. अजूनही आठवलं की स्वतःची शिसारी येते.

त्याच दुपारी घरी प्रुफं तपासत होतो. मी मोठ्याने वाचायचो आणि बायको मूळ कागद धरून बसायची, अशी आमची पद्धत. साहेबांचं नाव वाचलं आणि जिभेवर काहीतरी आलं. केस असेल म्हणून ओढला तर दोरा. पांढरा, ओला, वीतभर. तेलाची चव, आणि तंबाखूची. मी आयुष्यात तंबाखू खाल्लेली नाही. बायको म्हणाली, गोधडीचा असेल. मी चार वेळा चुळा भरल्या.

प्रकाशन रविवारी सकाळी होतं. पहिल्या रांगेत साहेब रेशमी कुर्त्यात, स्वतःच्या शौर्यावर आधीच लाजत. तिसऱ्या रांगेत सावळेकाकू, नवी साडी नेसून, मांडीवर स्मरणिका धरून. मी आगीचं पान वाचायला घेतलं. साहेबांचं नाव आलं, आणि दोरा आला. रुमाल लावून ओढला तर संपेना... घशातून येतच राहिला, चोखलेला, चिकट, दुसऱ्या कुणाच्या तरी थुंकीत भिजलेला. काय म्हटलं की हा थांबेल ते मला तेव्हाच कळलं होतं. एक नाव घ्यायचं होतं फक्त. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी पाणी मागितलं, दोरा गिळला आणि साहेबांचं नाव पुन्हा खणखणीत वाचलं. टाळ्या पडल्या.

दारात काकू भेटल्या. मी मान खाली घातली.

"मास्तर, दोरा गिळायचा नसतो," त्या हळूच म्हणाल्या. "आमचे हे थुंकून द्यायचे."

माझ्या शेजारी बसलेल्या अध्यक्षांनाही काही दिसलं नव्हतं. रुमाल कोरडा होता. डॉक्टरने घसा पाहिला, काही सापडलं नाही. मग काकूंना कसं कळलं? विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता त्या नाहीत. सायन्सच्या मास्तरकडे आजही याचा खुलासा नाही.

हे लिहून झाल्यावर बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. आगीत गणपत सावळे आत गेले होते, असं स्पष्ट वाचलं. तोंडात काही आलं नाही. ऐकायला मात्र आम्ही दोघंच होतो.