सर्व्हरच्या यादीतला मान

आटपाडीची आम्रपाली तासगावात आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये नोकरीला लागली. तिचा पगार मीच काढतो, पण तो नेमका कशाबद्दल ते मला विचारू नका. एवढंच कळलंय, की खोल्या थंड ठेवणारे प्रोग्रॅम पाच-सहा कॉम्प्युटरांवर वाटून चालतात, त्या सगळ्यांना हुकूम देणारा एक मुख्य सर्व्हर आहे आणि तो फक्त तिचं ऐकतो.

चेअरमन नानासोंना खोल्यांचा हाल मोबाइलवर बघायची हुक्की आली. आम्रपालीने त्यासाठी वेबपान बनवलं. पण एका पत्त्यावरचं पान दुसऱ्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी बोलायला गेलं, की ब्राउझर आडवा येतो. सर्व्हरने त्या पत्त्याला आधी मान्यता द्यावी लागते. तिने सर्व्हरच्या यादीत तो एक पत्ता लिहिला आणि पान चालू झालं.

सर्व्हरच्या यादीत फक्त आपलाच पत्ता आहे, अशी नानासोंनी मीटिंगमध्ये फुशारकी मारली आणि घोळ झाला.

"यादीत तुमी एकटंच? आमी काय मेलोय व्हय?" संचालक बिराप्पा म्हणाले. निवडणुकीसाठी काढलेली वेबसाइट प्रत्येकाकडे होतीच. आता सगळ्यांनाच आपापला पत्ता यादीत हवा झाला.

"आवं, त्यो मान न्हाई, परवानगी हाय," आम्रपाली काकुळतीला आली. "तुमच्या साइटीत कुणी खोडसाळपणा घुसवला तर तुमच्याच मोबाइलवरनं खोल्या बंद पडत्याल. सगळा बेदाणा जाईल."

"मग मी दुसरं माणूस बघतो," संचालकांना दुखवायला नको म्हणून नानासो म्हणाले.

हंगामाचा माल आत आणि पोरीची नोकरी पणाला. मला तिची फार काळजी वाटली. ती म्हणाली, "सर्व्हरला हात लावत न्हाई. मान दारावर देऊ. फोटो आणि नंबर द्या."

सोमवारी सर्व्हरच्या खोलीबाहेर भला मोठा फ्लेक्स लागला. सगळ्यांचे फोटो, सगळ्यांची नावं. बिराप्पांनी लगेच स्टेटसला ठेवला. खालची ओळ मात्र कुणी वाचली नव्हती: 'खोली गरम झाल्यास वरीलपैकी कुणालाही, कधीही फोन करावा.' शेतकऱ्यांनी ती वाचली.

बुधवारी बिराप्पा आम्रपालीच्या टेबलापाशी आले. आवाज अगदी मऊ. "पोरी, माझं नाव तेवढं काढता येतंय का बघ की."

"बसा," ती म्हणाली. "आधी नानासोंचं काढते."