एवढ्या मोठ्या अंगाचा बैल

लातूर नवा जिल्हा झाल्यानंतरच्या दुष्काळात औशाजवळच्या चारा छावणीत आमचा बैल पोट फुगून खाली बसला. मी घाबरून त्याला पाणी पाजत राहिलो. गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं माझ्या हातातली बादली हिसकावली.

"गुरुजी, मुंगी हाय का ही? एवढ्या मोठ्या अंगाला पोटातच चार कोठे लागतेत. एक बंद पडला की सारा बैल बसतो!"

देह मोठा तशी अवयवांची कामं वाटलेली, हे मीच शाळेत फळ्यावर शिकवायचो. तो मात्र बैलाच्या कुशीला कान लावून, पोट मुठीनं रगडत, बैलाला आणि मला शिव्या देत तासभर बसला. अखेर बैलानं ढेकर दिला.

"आता ऊठ की, राजा!" तो ओरडला, पण हात बैलाच्या मानेवरून फिरवत होता.

बैल धडपडत उठला. तोवर कंपाउंडर पुढच्या दावणीवर कुणावर तरी खेकसत होता.