लेक टीव्हीएवढी झाली तेव्हा

कॉम्प्युटर मेला तेव्हा मी फोनच केबलने टीव्हीला जोडला, पुढ्यात कीबोर्ड घेतला आणि सोसायटीभर सांगत सुटलो, "अंबडचे सगळे कारखाने आता मी खाटेवरून चालवतो!" खरं तर मी पत्ते खेळायचो, एकटाच.

एका दुपारी परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला आणि तिचा चेहरा दाराएवढा होऊन घरात अवतरला. फोन मात्र टीव्हीमागे, भिंतीकडे तोंड करून उभा.

"बाबा, मला नुसती भिंत दिसतेय. फोन टीव्हीला जोडलाय ना? केबल काढा!"

काढली असती तर ती पुन्हा तळहाताएवढी झाली असती.

"केबल अडकलीय गं, निघतच नाही," मी ठोकून दिलं. "आणि माझ्यात बघायचंय काय? मिशा तेवढ्या नाशिकरोडपर्यंत पोचल्यात."

ती अशी हसली की स्वयंपाकघरातले डबे वाजले. ती भिंतीशी बोलत राहिली आणि मी खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसलो.