डांबर लागलं

ऑफिसात त्याला सगळे पायलट म्हणत. विमानाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. रस्ता संपला की हा गाडी थांबवून आधी पाय टाकणार आणि मग चाक, म्हणून पायलट. नाव ठेवणारे साहेब बदली होऊन कधीच गेले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

खातं पाणी मोजायचं. नदीच्या पात्रात, माळावर, जिथे जिथे पातळीच्या पट्ट्या रोवल्या होत्या तिथे मोजणीवाल्यांना जीपमधून नेऊन आणायचं, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. निम्मी वाट रस्त्याविनाच. डांबर सुटलं की तो उतरून चारही चाकांतली थोडी हवा सोडे, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. मग काठी घेऊन पुढे चालत जाई. पाणी ओलांडायचं असेल तर आधी स्वतः गुडघाभर शिरून तळ चाचपून येई. जुन्या चाकोरीबाहेर चाक घालत नसे. एकाने गवत चिरडलं की मागून येणाऱ्या प्रत्येक शहाण्याला तिथूनच जायची बुद्धी होते, असं त्याचं म्हणणं. तरुण मोजणीवाले मागच्या सीटवर जांभया देत. देईनात का! सव्वीस वर्षांत एकालाही त्याने गाडी ढकलायला उतरवलं नव्हतं.

परतताना चाकं पुन्हा डांबरावर चढली, हवा भरून झाली, की तो बायकोला फोन करी.

"डांबर लागलं."

"बरं. पाणी तापत ठेवते."

संपलं. मोबाइल नव्हते तेव्हा हेच दोन शब्द बोलायला तो फाट्यावरच्या दुकानात थांबे, आणि दुकानदार म्हणे, "एवढ्यासाठी फोन?" एवढ्यासाठीच तर फोन होता. ऑफिसच्या रजिस्टरात तीन रकाने होते: कुठे जाणार, कधी परतणार, परतल्याची खबर कोणाला. खबर आली नाही तर त्या माणसाने ऑफिसला कळवायचं आणि ऑफिसने दुसरी गाडी धाडायची. तिसऱ्या रकान्यात पायलट लिहायचा, 'घरी'.

दोन वर्षांपूर्वी बायको तापाने आठवड्याभरात गेली. मुलगा लांबच्या शहरात. रविवारी त्याचा फोन येई. "सगळं ठीक ना, बाबा?" "ठीक." तिसऱ्या रकान्यात पायलट अजूनही 'घरी'च लिहीत होता. हाताला सवय होती म्हणा, किंवा खोडायला हात होत नव्हता म्हणा. रजिस्टर सांभाळणाऱ्या बाई शिक्का मारत होत्या. बाईंसकट सगळं ऑफिस मयताला आलं होतं, तरी कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. रकाना भरलेला होता ना, झालं!

मग तो शुक्रवार आला. पुढे तीन दिवस सुट्टी, मोजणीवाले रजेवर आणि वरच्यांना आकडा हवा होता. एकट्याने डांबर सोडायचं नाही, हे नव्या ड्रायव्हरांकडून घोकून घेणारा पायलट एकटाच निघाला.

पात्रात टिटवीने डोकं उठवलं. उतरून बघतो तर ऐन चाकोरीत चार ठिपकेदार अंडी. तो डावीकडे चालून आला, जमीन पायाला टणक लागली. अर्धी गाडी तेवढी चाकोरीबाहेर घेतली, आणि वरची पापडी फुटून पुढची दोन्ही चाकं चिखलात बुडाली. माणसाला पेलणारी जमीन गाडीला पेलेलच असं नाही, हे दुसऱ्यांना शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता.

फोनला रेंज नव्हती. तो बॉनेटला टेकून बसला आणि बोटांवर मोजू लागला. ऑफिस उघडणार मंगळवारी. मुलगा रविवारी फोन करील, उचलला नाही तर म्हणेल, झोपले असतील. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जाईल, दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी दुसरी. चिखलाची त्याला भीती नव्हती, असे चिखल त्याने पन्नास पाहिले होते. भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आपल्याला उशीर झाला हे म्हणणारं माणूस जगात उरलं नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

फावड्याने उपसून, चाकांखाली फळ्या आणि दगड घालून ऊन कलायच्या आत त्याने गाडी काढली. खड्डा बुजवला. टिटवी एव्हाना परत अंड्यांवर बसली होती. डांबरावर येऊन त्याने पायाच्या पंपाने हवा भरली आणि फोन हातात घेतला. बायकोचा नंबर अजून सगळ्यात वर होता. त्याने फोन खिशात टाकला.

मंगळवारी नव्या फेरीची नोंद करताना त्याने तिसरा रकाना मोकळा सोडला.

"काका, हे राहिलं," बाई म्हणाल्या. "घरी लिहा ना."

"घरी कोणी नसतं, बाई."

बाईंनी मागची पानं उलटली. घरी, घरी, घरी. प्रत्येकावर त्यांचाच शिक्का. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन घेतलं आणि रकान्यात स्वतःचा नंबर लिहिला.

"मला करायचा फोन. सहापर्यंत आला नाही तर मी गाडी धाडीन, सांगून ठेवते."

सव्वापाचला चाकं रस्त्यावर चढली. हवा भरून त्याने फोन लावला.

"डांबर लागलं."

"अगंबाई! कशाला लागलं? शर्टाला? रॉकेलने पुसा काका, निघेल."

"तसं नाही, बाई. म्हणजे मी रस्त्याला लागलो."

"असं होय! मग सरळ परतलो म्हणा की. थांबा, लिहून घेते. पाच पस्तीस. झालं."

नियम पाळला गेला होता. तरी पायलटने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"काका? अजून काही होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "एवढंच."

घरी येऊन त्याने कुलूप काढलं, पाणी तापत ठेवलं आणि ते तापेपर्यंत तिथेच उभा राहिला.